कूलर बंद करण्याचा दिवस

मार्च सरता सरता छत्तीसगडमधल्या जामुल-भिलाईपासून नागपूर-चंद्रपूरपर्यंतच्या बाजारांत कूलरच्या ताट्यांचे गठ्ठे दिसू लागतात. जुने वुडवूल काढून नवे भरले जाते, पंप बदलला जातो, मोटारीत तेल पडते, गंजलेल्या पत्र्यावर रंगाचा हात फिरतो. उन्हाळ्याच्या तोंडावर ही लगबग घरोघरी असते. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र त्याच कूलरकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पाऊस पडला, हवा दमट झाली, की बटण बंद होते आणि टाकीत उरलेले पाणी तसेच राहते. माझे म्हणणे एवढेच आहे की कूलरच्या देखभालीतला सर्वांत महत्त्वाचा दिवस तो चालू करण्याचा नव्हे, बंद करण्याचा आहे. आणि हा दिवस ज्याच्या-त्याच्या मर्जीवर न सोडता नगरपालिकेने गावाच्या कामांत धरला पाहिजे.

चालू करतानाची देखभाल माणूस आपणहून करतो, कारण तिचे फळ त्याच संध्याकाळी मिळते. बाहेर ४४ अंश तापमान आणि हवेत जेमतेम १५ टक्के आर्द्रता असेल, तर ताट्या सगळीकडून नीट भिजत असलेला कूलर सुमारे २८ अंशांची हवा आत सोडू शकतो. ताट्या बुजल्या आणि त्यांची क्षमता पाऊण हिश्शावरून अर्ध्यावर आली, की तीच हवा ३३-३४ अंशांची होते. जामुलमध्ये हे बुजणे लवकर होते. इथे १९६५ पासून सिमेंटचा कारखाना आहे, पलीकडे पोलाद कारखाना आणि औद्योगिक वसाहत, आणि नंदिनी रोडवर दिवसरात्र ट्रकची वर्दळ. कूलर बाहेरची हवा ओल्या ताटीतून ओढतो, म्हणजे तिच्यातली बरीचशी धूळही ताटीत अडकवतो आणि टाकीत उतरवतो. शिवाय पाण्याची वाफ होऊन गेली तरी त्यातले क्षार मागेच राहतात. ते ताट्यांवर पांढऱ्या थराने बसतात आणि पंपाची जाळी बंद करतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून तळाचा गाळ काढणे इथे भर उन्हाळ्यातही आवश्यक आहे, आणि गारव्याच्या ओढीने निदान काही घरांत तरी ते होते.

जूनच्या मध्यानंतर ही ओढच संपते, आणि धोका नेमका तिथे सुरू होतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, घरातल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. सावलीत, खिडकीला टेकून उभी असलेली कूलरची टाकी त्याला मनाजोगी जागा आहे. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. म्हणजे नुसते पाणी ओतून देणे हे अर्धेच काम झाले. टाकीच्या भिंती ब्रशने घासल्या नाहीत, तर यंदाची अंडी पुढच्या एप्रिलची वाट पाहत बसू शकतात. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली. जामुलच्या शेजारच्या खुर्सीपार-छावणीसारख्या दाट वस्त्यांना तिची सर्वाधिक झळ लागली आणि अनेकांचे जीव गेले. त्या साथीचे खापर एकट्या कूलरवर फोडता येणार नाही. उघड्या टाक्या, टायर, ड्रम हेही होतेच. पण ज्या गावात दर दोन-चार घरांआड लोखंडी कूलर उभा आहे, तिथे हा विषय घरातला म्हणून सोडून देणे परवडणारे नाही. हा डास फार लांब उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आत वावरतो. माझ्या टाकीतला डास शेजारच्या मुलाला चावतो, हीच या प्रकरणातली कळीची गोष्ट आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो धूरफवारणीचा: नगरपालिका धूर सोडतेच की! धुराने मरतो तो त्या घटकेला हवेत असलेला डास. टाकीतली अळी आणि भिंतीवरचे अंडे यांना तो शिवतही नाही, आणि आठवड्याभरात नवी पिढी बाहेर पडते. दुसरा आक्षेप असा की आता एसी आले, कूलर जाणारच. पण दीड टनाचा एसी सुमारे दीड हजार वॉट वीज घेतो, कूलर दोनशेच्या आसपास. कंत्राटी मजुराच्या भाड्याच्या खोलीतून कूलर एवढ्यात हलणार नाही, आणि हलावा अशी घाईही नको, कारण कोरड्या उन्हाळ्यासाठी याहून कमी विजेचे साधन सहज मिळत नाही. पाण्याच्या टंचाईचा मुद्दा मात्र खरा आहे; टाकीभर पाणी ओतून देताना जिवावर येते. ते अंगण धुवायला, कुंड्यांना, संडासात वापरावे. तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते: लोकांच्या घरात शिरून टाक्या तपासणे आणि दंड करणे हा जाच होईल. होऊ शकतो. दिल्लीसारख्या ठिकाणी अळ्या सापडल्यावर पावती फाडण्याची पद्धत आहे, पण भाडेकरूला दंड करून मालकाच्या गळक्या कूलरचा प्रश्न सुटत नाही. म्हणून आधी मदत, मग समज, आणि दंड अगदी शेवटी, तोही घरमालकाला.

ही मदत महागडी नाही. महाराष्ट्रात आठवड्याला एक कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन आरोग्य विभाग वर्षानुवर्षे करत आला आहे. जामुल नगरपालिकेनेही तो पाळायला सांगावा आणि त्याला जूनच्या शेवटच्या आठवड्याची जोड द्यावी. त्या आठवड्यात वॉर्डावॉर्डांत मितानिन ताई (छत्तीसगडच्या आशा सेविका) आणि एखादा कूलर मिस्त्री एकत्र फिरावेत. जुन्या ताट्या कचरागाडीने उचलाव्यात, कारण ओल्या वुडवूलचा ढीग मागच्या अंगणात कुजत पडणे हेही चांगले नाही. मिस्त्रीने त्याच फेरीत कूलरचे अर्थिंग पाहावे. पत्र्याच्या कूलरला हात लागून विजेच्या धक्क्याने माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, आणि महावितरणला त्यासाठी पुन्हा पुन्हा सूचना काढाव्या लागतात. मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचे गळती-संरक्षक बसवले, तर यातले बहुतेक मृत्यू टळू शकतात.

नगरपालिका हे करेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. यंदा कूलर बंद कराल त्या दिवशी आधी प्लग काढा, तळाचे बूच उघडा, टाकीच्या चारही भिंती ब्रशने घासा, ताट्या काढून टाका आणि टाकी उन्हात कोरडी करून पावसाचे पाणी शिरणार नाही अशी झाकून ठेवा. शेजारी वयस्क जोडपे राहत असेल, तर त्यांचीही टाकी त्याच दिवशी घासून द्या.