मिशनच्या छापखान्यातून निर्णयसागरापर्यंत

मुंबईतील काँग्रिगेशनल चर्चचा इतिहास केवळ धर्मांतरितांच्या आकड्यांत मोजणे अपुरे आहे. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली येथे उतरले; त्या परंपरेचे ह्यूम मेमोरियल चर्च आजही भायखळ्यात उभे आहे. मिशनचा खरा ठसा मात्र उमटला तो छापखान्यातून.

तेथे मुद्रणकला शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले. तेथेच खिळे घासण्यापासून सुरुवात केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभारला आणि सुबक खिळ्यांत संस्कृत ग्रंथ छापून घरोघर पोचवले. ज्या धर्मावर मिशनची पत्रके तुटून पडत, त्याचेच हे ग्रंथ! हॉल १८२६ सालीच पटकीने निवर्तले. हा परिणाम त्यांना खचितच मानवला नसता.