निम्मा भारत ‘अनफिट’ आहे, हे नेमके कोणी मोजले?

जून २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि पाहता पाहता देशभरातील वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर एकच वाक्य फिरू लागले : निम्मे भारतीय अनफिट. काहींनी ‘आळशी’ हा शब्दही वापरला. निबंधातील आकडे गंभीर होते, यात शंका नाही. २०२२ साली भारतातील ४९.४ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी असल्याचा त्यात अंदाज होता. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांत ४२ टक्के. २००० साली हाच अंदाज सुमारे २२ टक्के होता. २०२२ची जागतिक सरासरी ३१ टक्के. मथळा मात्र साफ चुकीचा होता. कारण त्या निबंधासाठी एकाही भारतीयाची तंदुरुस्ती मोजली गेली नव्हती.

हा शब्दच्छल नव्हे. हालचाल हे वर्तन आहे आणि तंदुरुस्ती ही क्षमता आहे. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे तीव्र हालचाल, हा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान निकष. तो कोण पूर्ण करतो आणि कोण नाही, एवढाच त्या निबंधाचा विषय होता. हृदय आणि फुप्फुसे स्नायूंना किती प्राणवायू पुरवू शकतात, मूठ किती बलाने आवळता येते, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता किती वेळा उठता येते, हे प्रश्न निराळे आहेत. हालचालीने क्षमता वाढते हे खरे, पण वय, अनुवंश, बालपणीचे पोषण, रक्तातील हिमोग्लोबिन आणि फुप्फुसांचे आरोग्य यांचाही क्षमतेत मोठा वाटा असतो. कारण आणि परिणाम यांना एकच नाव दिले की उपायही चुकतात.

आता ती हालचाल तरी कशी मोजली गेली? लोकांना विचारून. ५७ लाख लोकांच्या ५०७ सर्वेक्षणांतून हा अभ्यास उभा राहिला आणि त्याचा पाया स्वतः दिलेल्या उत्तरांचा आहे. जिथे सर्वेक्षणे विरळ आहेत तिथे सांख्यिकीय प्रतिमानाने जागा भरून काढली. संशोधकांनी यात काही लपवले नाही, उपलब्ध सामग्रीत याहून चांगले करणे कठीणच होते. दोष मथळ्यांचा आहे, आणि त्याहून मोठा दोष ज्या देशाने स्वतःचे मोजमाप करण्याऐवजी उसन्या अंदाजावर चर्चा करणे पत्करले त्या देशाच्या धोरणाचा आहे.

प्रचलित प्रश्नावली विचारते : श्वास किंवा नाडी वाढेल असे काम सलग किमान दहा मिनिटे करता का? आठवड्यातून किती दिवस? दिवसाला किती मिनिटे? भाताची लावणी करणाऱ्या, दोन हंडे डोक्यावर आणि एक कडेवर घेऊन चढ चढणाऱ्या, धुणी-भांडी करत चार घरे फिरणाऱ्या बाईने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? तिचे काम दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत येत नाही आणि त्याला ‘व्यायाम’ म्हणण्याची पद्धतही नाही. उलट शहरातला सुशिक्षित माणूस आठवड्यातून दोनदा बागेत जाऊन येतो आणि ‘रोज चालतो’ असे सांगून मोकळा होतो. एकाच्या उत्तरात हालचाल कमी दिसते, दुसऱ्याच्या उत्तरात जास्त.

मापनशास्त्राचा साधा नियम असा : यादृच्छिक त्रुटी नमुना वाढवला की कमी होत जातात, पद्धतशीर त्रुटी होत नाहीत. प्रश्न समजण्यातला फरक लिंग, वर्ग आणि व्यवसाय यांनुसार बदलत असेल, तर पन्नास लाख लोकांना विचारूनही तो नाहीसा होणार नाही. स्त्रिया आणि पुरुष यांच्यातील १५ टक्क्यांच्या अंतरापैकी किती भाग शरीरांचा आणि किती प्रश्नावलीचा, हे केवळ त्या प्रश्नावलीतून कधीच कळणार नाही. हवामान खाते नागरिकांना दूरध्वनी करून ‘काल किती उकडले?’ असे विचारत नाही. ते तापमापक लावते.

विचारण्याऐवजी जे मोजले जाते ते वजन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल आढळले. त्यामागचे माप बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. या गुणोत्तराचा उगम ‘सरासरी माणसा’च्या शोधात असलेल्या आदोल्फ केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाच्या १८३२ सालच्या मांडणीत आहे. बीएमआय हे नाव त्याला अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. त्यात स्नायू आणि चरबी यांत भेद नाही, श्वासाचा किंवा ताकदीचा तर प्रश्नच नाही.

या मापाची मर्यादा पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मधील एका पानात दाखवून दिली. दोघांचाही बीएमआय २२.३. क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एक लेखक मॅरेथॉन धावणारा होता, आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावणे हा असल्याचे त्यांनीच मिश्कीलपणे नोंदवले होते. भारतीय परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज मांडला. त्यांतले कितीतरी जण वजनकाट्यावर निर्दोष ठरतात, आणि काटा पाहून समाधानी झालेली व्यवस्था त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचते.

क्षमता थेट मोजली तर काय दिसते, याचे पुरावे जुने आहेत. १९८९ मध्ये स्टीव्हन ब्लेअर यांच्या गटाने अमेरिकेतील १३,३४४ निरोगी व्यक्तींच्या ट्रेडमिल चाचण्या आणि पुढील वर्षांतील मृत्यू यांची सांगड घातली. सर्वांत कमी क्षमतेच्या पुरुषांत दर १०,००० व्यक्ति-वर्षांमागे ६४ मृत्यू झाले, सर्वाधिक क्षमतेच्या गटात १८.६. २००९ मध्ये ३३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, क्षमता एक ‘मेट’ने जास्त असेल तर मृत्यूचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळला. (स्वस्थ बसलेल्या शरीराला लागणारी ऊर्जा म्हणजे एक मेट.) आणि २०१५ मध्ये भारतासह १७ देशांतील जवळपास १ लाख ४० हजार लोकांच्या ‘प्युअर’ अभ्यासात मुठीची पकड दर ५ किलोने कमी असताना मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. या अभ्यासात मृत्यूचे भाकीत करण्यात पकडीने वरच्या रक्तदाबालाही मागे टाकले. रक्तदाब घरोघरी मोजला जातो. पकड नाही.

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एक आक्षेप घ्यायलाच हवा : संबंध म्हणजे कारण नव्हे. आक्षेप रास्त आहे आणि त्याला इतिहास आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसचालकांपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी असल्याचे दाखवले. १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर नोकरीला लागतानाच मोठा असल्याचे निघाले. म्हणजे फरक काही अंशी नोकरीआधीचाच होता. २०२५ मधील एका स्वीडिश अभ्यासात सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या सुमारे ११ लाख तरुणांपैकी सर्वाधिक तंदुरुस्त गटात हृदयविकाराचे मृत्यू तर कमी होतेच, पण अपघाती मृत्यूंचा धोकाही जवळपास निम्मा होता. धावण्याचा दम अपघात टाळत नाही. याचा अर्थ घर, उत्पन्न, शिक्षण, स्वभाव यांचा ठसा तंदुरुस्तीच्या आकड्यात मिसळलेला असतो.

पण यातून ‘मग मोजायचेच कशाला’ असा निष्कर्ष काढणे ही पळवाट आहे. स्वीडनला ही शंका घेता आली, कारण स्वीडनकडे मोजमापे होती. भारताला ती शंका घेण्याचीही सोय नाही. शिवाय कारण वेगळे करता आले नाही तरी कोणाचे शरीर कुठे खचत आहे, हे कळणे धोरणासाठी मोलाचे आहे. ताप म्हणजे रोग नव्हे, म्हणून कोणी तापमापक फेकून देत नाही.

‘खर्च परवडणार नाही’ ही दुसरी सबब. ती टिकत नाही. भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासात, म्हणजे ‘लासी’मध्ये, २०१७-१८ च्या पहिल्या फेरीतच प्रामुख्याने ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांच्या घरी जाऊन पकड, चालण्याचा वेग आणि तोल मोजला गेला. हे काम मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केले, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही हीच संस्था करते. त्या सर्वेक्षणाचे पथक पाचव्या फेरीत सुमारे ६.३७ लाख कुटुंबांपर्यंत वजनकाटा, फीत, रक्तदाबमापक आणि साखर तपासण्याचे यंत्र घेऊन पोहोचले. त्या पिशवीत पकडमापक नव्हता. म्हणून ४५ वर्षांखालील तरुण आणि कर्त्या भारताच्या ताकदीचे राष्ट्रीय चित्र रिकामे आहे. जपान १९६४ पासून दरवर्षी पकड, उड्या, धाव यांची राष्ट्रीय चाचणी घेतो. चीनने २००० पासून अशी पाहणी सुरू केली. कॅनडाच्या आरोग्य-मापन सर्वेक्षणात पायरी-चाचणीही आहे.

मोजण्याचे वावडे भारतीय राज्यव्यवस्थेलाही नाही. सैन्यभरतीत १.६ किलोमीटरची धाव सेकंदात मोजली जाते. ‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचणीत मुले ५० आणि ६०० मीटर धावतात, त्याची नोंद ॲपवर होते. पण भरतीची चाचणी निवडीसाठी असते आणि नाकारलेला तरुण त्या दिवशीच नोंदीतून बाहेर पडतो. शाळेतली ६०० मीटरची धाव एका ठिकाणी आखलेल्या ट्रॅकवर, तर दुसरीकडे डांबरी रस्त्यावर होते. मैदान, घड्याळ आणि मोजणारा यांचे प्रमाणीकरण नसेल तर कितीही नोंदी जमल्या तरी त्यांची तुलना करता येत नाही.

उसने निकष हाही एक धोका आहे. स्नायुक्षयासाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ किलो आणि स्त्रियांसाठी १८ किलो पकड ही मर्यादा ठरवली. ‘प्युअर’मध्ये दक्षिण आशियातील पकड जगातील सर्वांत कमी मूल्यांत होती. तो आकडा जशाच्या तसा लावला तर अशक्त ठरणाऱ्यांची संख्या फुगते, पण त्यातली खरी दुर्बलता किती आणि लहान चणीचा परिणाम किती, हे सांगता येत नाही. आणि ती चण कुपोषणाची देणगी असेल, तर तिला ‘नैसर्गिक’ म्हणून सोडून देणेही अन्यायाचे. हा गुंता भारतीय नोंदींतूनच सुटेल.

म्हणून मागण्या मोजक्या आणि ठोस असाव्यात.

१. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सर्वांची पकड मोजावी आणि निवडक उपनमुन्यात वैद्यकीय पूर्वतपासणीनंतर तीन मिनिटांची पायरी-चाचणी घ्यावी.

२. काही हजार लोकांना आठवडाभर हालचालमापक बांधून प्रश्नावलीची उत्तरे पडताळावीत, विशेषतः शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांची.

३. वय, लिंग आणि उंचीनुसार भारतीय संदर्भमूल्ये त्रुटीच्या मर्यादांसह प्रसिद्ध करावीत.

४. ओळख पुसलेल्या नोंदी विद्यापीठांना खुल्या कराव्यात. कोणत्याही व्यक्तीची नोंद विमा कंपनीला किंवा मालकाला मिळता कामा नये.

शेवटची अट दुय्यम नाही. मोजमापाचा उपयोग दोष देण्यासाठी होऊ लागला की लोक दार लावून घेतात, आणि ते बरोबरच करतात.

‘निम्मा देश आळशी’ या वाक्यात जबाबदारी नागरिकाच्या स्वभावावर टाकली जाते. पदपथ नसणे, शाळेला मैदान नसणे, संध्याकाळनंतर मुलीला एकटीने धावता न येणे, दिवसभर राबूनही पोटात पुरेसे प्रथिन नसणे, यांतले काहीच त्या वाक्यात येत नाही. शरीर मोजले तर कदाचित असेही निघेल की लावणी करणाऱ्या बाईला आणखी हालचालीची नव्हे, तर विश्रांतीची, लोहाची आणि पोटभर अन्नाची गरज आहे. कदाचित असे निघणारही नाही. पण तोवर तिला ‘निष्क्रिय’ ठरवण्याचा अधिकार कोणत्याही मथळ्याला नाही.