मेहनत शायराची, मोहर कंपनीची

आपल्या मोहल्ल्यात संगीताचा विषय निघाला की एकच वाद रंगतो : संगीत हलाल की हराम? या वादात आम्ही पिढ्या घालवल्या. पण ज्याने गाणे लिहिले, ज्याने चाल बांधली, त्याला त्याची मजुरी मिळाली का, हे कोणी विचारत नाही. मजुराची मजुरी वेळेवर द्या, ही पैगंबरांची (स.) ताकीद जुम्म्याच्या बयानात आम्ही दरवेळी ऐकतो. ती गवंड्याला लागू आहे आणि शायराला नाही, असे कोणी ठरवले?

हा प्रश्न परक्याचा नाही. साहिर, मजरूह, शकील, कैफी, हसरत ही सारी उर्दूच्या मुशायऱ्यांतून मुंबईच्या चित्रपटात आलेली माणसे. आम्ही वर्गात मुलांना शिकवतो की गझलेच्या मक्त्यात शायर आपले तखल्लुस गुंफतो. तिथे नाव पुसायचे तर शेरच मोडावा लागतो. चित्रपटगीताला असा मक्ता नसतो. रेडिओवर गीतकाराचे नाव सांगितले जावे म्हणूनसुद्धा साहिरला भांडावे लागले. नाव मिळाले, पैशाचे काय?

पैशासाठी 1969 मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, उभी राहिली. गाणे जिथे जिथे वाजेल तिथून रॉयल्टी गोळा करून गीतकार-संगीतकारांना वाटणे हे तिचे काम. निर्माते कोर्टात गेले. 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणे करून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक निर्माताच. न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात जागाच नाही याची खंत नोंदवली आणि संसदेने लक्ष घालावे असे सुचवले. संसदेला पुरते लक्ष घालायला पस्तीस वर्षे लागली.

मधल्या काळात काय झाले? निर्मात्याकडून गाण्यांचे हक्क संगीत कंपन्यांनी विकत घेतले. 1994 च्या दुरुस्तीने अशा सोसायट्या हक्कांच्या ‘मालकां’च्या ताब्यात राहतील असे ठरवले. मालक कोण? ज्याच्या कपाटात करार, तो. अशा रीतीने गीतकारांसाठी निघालेल्या सोसायटीत कंपन्या सभासद म्हणून शिरल्या आणि कारभारी होऊन बसल्या. दारावर पाटी शायराची, किल्ली कंपनीच्या खिशात!

कंपन्यांनी स्वतःची संघटना करू नये, असे आम्ही म्हणत नाही. इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही त्यांचीच संघटना आहे. 1936 पासून निरनिराळ्या नावांनी चालत आली आहे. गिरणीमालकांचा संघ असतो, तसा हाही असावा. पण गिरणीमालक कामगारांच्या युनियनचा अध्यक्ष होऊन बसला, तर त्याला काय म्हणावे? आणि दिल्लीत सवलत मागताना हेच लोक ‘कलावंतांच्या भल्यासाठी’ बोलतात, हे विशेष.

हा रोग फक्त इथला नाही. अमेरिकेत आरआयएए ही बड्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना आहे. 1999 मध्ये उपग्रह दूरचित्रवाणीच्या एका विधेयकात चार शब्द गुपचूप घुसवले गेले. त्यामुळे ध्वनिमुद्रण हे नोकराने मालकासाठी केलेले काम ठरणार होते आणि गायकाला पुढे हक्क परत मागण्याची वाट बंद होणार होती. ते शब्द घालणारे संसदीय समितीचे कर्मचारी मिच ग्लेझियर काही महिन्यांतच आरआयएएमध्ये नोकरीला लागले. पुढे तेच तिचे प्रमुख झाले. मात्र गायक एकजुटीने उठले आणि 2000 मध्ये ती दुरुस्ती रद्द करावी लागली.

आपल्याकडेही लढल्यावरच मिळाले. जावेद अख्तर राज्यसभेत या प्रश्नावर उभे राहिले आणि मे 2012 मध्ये दोन्ही सभागृहांनी कॉपीराइट दुरुस्ती मंजूर केली. चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले तर रॉयल्टीत लेखकाचा वाटा मालकाच्या बरोबरीचा. तो करारात लिहून घेऊनही हिरावता येत नाही. सोसायटीच्या कार्यकारिणीत निम्मे लेखक-संगीतकार, निम्मे मालक. तरीही आयपीआरएसची नव्या कायद्याखाली नोंदणी व्हायला नोव्हेंबर 2017 उजाडले.

कंपन्या म्हणतात, भांडवल आमचे, बुडण्याची जोखीम आमची. मान्य. म्हणूनच कायद्याने त्यांना निम्मे दिले आहे. दुसऱ्याच्या निम्म्याचा हिशेबही आमच्याच वहीत राहील, हा हट्ट मात्र मान्य नाही.

आता थोडे स्वतःकडे पाहू. आमच्या ओळखीच्या एका बुजुर्ग कव्वालांनी कॅसेटच्या जमान्यात एका कंपनीला आपले कलाम एकरकमी देऊन टाकले. कागद इंग्रजीत होता. त्यांनी सही केली आणि प्रतही मागितली नाही. कॅसेट उरुसा-उरुसांत विकली गेली. त्यांच्या घरी पुन्हा पैसा आला नाही. असे कव्वाल, नातख्वां, शाहीर आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांची नावे कोणत्या सोसायटीच्या यादीत आहेत? आम्ही त्यांना मुशायऱ्यात शाल देतो, फोटो काढतो आणि रिक्षाचे भाडे द्यायला विसरतो. कंपनीला जाब विचारणाऱ्या जिभेने हेही कबूल करावे.

कायदा सांगतो की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरावी. 1995 मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनंतरच्या करारांना हे लागू आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? आम्हा शिक्षकांना, वकिलांना, पदवीधरांना इतके तर जमेल : गावातल्या कलावंताचा कागद वाचून द्यावा, प्रत जपायला सांगावे, सभासदत्वाचा अर्ज भरून द्यावा. कार्यकारिणीत निम्म्या खुर्च्या कायद्याने मिळाल्या आहेत. पण तिथे निवडून कोण जाणार, हे सभासदांच्या मतावर ठरते, आणि आपला कव्वाल तर सभासदच नाही.

हलाल-हरामचा वाद उलेमांनी खुशाल चालवावा. पण दुसऱ्याची मजुरी दाबून ठेवणे हराम आहे, याबद्दल त्यांच्यात कधीच मतभेद नव्हता.