मंद्रूपच्या मधपेट्या: शासनाला तीस दिवसांची मुदत

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या मंद्रूप परिसरातले मधपाळ आणि डाळिंब बागायतदार. विनंतीअर्ज यापूर्वी देऊन झाले. हा अर्ज नव्हे.

पेट्यांत कोळी आहे. व्हरोआ, आणि जोडीला ट्रॉपिलेलॅप्स. अळीची कोठडी मेणाने बंद होण्याआधी तो आत शिरतो, अळीवर पोसतो, तिथेच वाढतो. माशी जन्मते ती चुरगळल्या पंखांची. ती डाळिंबाच्या फुलापर्यंत पोचत नाही.

आमच्या वाट्याचे काम आम्ही केले. फॉर्मिक आम्ल वापरले. चौकटींवर गंधक भुरभुरले. नरांच्या अळ्यांची पोळी कापून टाकली. खर्च आमचा.

पण शेजारची पेटी तशीच राहिली, की कोळी परत येतो. बहराला भाड्याच्या पेट्या बाहेरून येतात. रात्रीतून उतरतात. त्या कोणी तपासत नाही. हे एकट्या मधपाळाच्या हातातले नाही. म्हणूनच कायदा आहे.

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणाचा 2009 चा केंद्रीय कायदा. त्याच्या अनुसूचीत गुरांच्या रोगांबरोबर मधमाश्यांचेही रोग आहेत. व्हरोआ आहे. ट्रॉपिलेलॅप्सही आहे. कलम 4 प्रमाणे रोगाची खबर देणे मालकाला बंधनकारक. ती आम्ही दिली. कलम 6 प्रमाणे नियंत्रित क्षेत्र जाहीर करण्याचा अधिकार राज्य शासनाचा. तो वापरलेला नाही.

एका कार्यालयाने दुसरीकडे धाडले, दुसऱ्याने तिसरीकडे. मधमाशी आमच्याकडे येत नाही, असे तोंडी सांगितले गेले. लेखी कोणीच दिले नाही. आम्ही थांबलो. एक बहर गेला, दुसरा गेला, तरी रस्त्यावर आलो नाही. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला.

पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे. सोलापुरात केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. मधमाशीपालनासाठी केंद्राने 2020 मध्ये 500 कोटी जाहीर केले. जाणकार आहेत, पैसा आहे. हुकूम तेवढा निघत नाही.

तो तीस दिवसांत निघावा. मंद्रूप परिसर नियंत्रित क्षेत्र जाहीर व्हावा. बाहेरची प्रत्येक पेटी उतरण्याआधी तपासली जावी.

अन्यथा एकतिसाव्या दिवसापासून तपासणीच्या दाखल्याविना एकही पेटी आमच्या बागांत उतरणार नाही. मेलेल्या वसाहतींच्या पेट्या अप्पर तहसील कार्यालयासमोर मांडल्या जातील. पंचनामा होईपर्यंत त्या हलणार नाहीत.

त्याच आठवड्यात उच्च न्यायालयात याचिका दाखल होईल. मसुदा तयार आहे. आमच्या अर्जांच्या पोचपावत्या त्याला जोडल्या आहेत. त्यांवर शिक्के तुमचेच आहेत.