बचाव वाहन कोणाच्या मापाचे?

प्रतिनिधी

घाटकोपरच्या छेडानगर परिसरातील अवाढव्य जाहिरात फलक १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात शेजारच्या पेट्रोलपंपावर कोसळला. १७ जणांचे प्राण गेले. महापालिकेच्या नियमानुसार फलकाची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट. हा फलक १२० फूट बाय १२० फुटांचा होता. त्याला परवानगी कोणी दिली, याची भरपूर चर्चा झाली आणि ती आवश्यकच होती. त्याच दुर्घटनेने उपस्थित केलेला दुसरा प्रश्न मात्र मागे पडला. माणसे पोलादाच्या सांगाड्याखाली अडकलेली आणि जवानांच्या पायाखाली इंधनाच्या टाक्या, अशी ती स्थिती होती. लोखंड कापण्याचे सर्वांत परिचित साधन म्हणजे गॅस कटर. नेमके तेच तेथे धोक्याचे होते. मदतकार्य साठ तासांहून अधिक काळ चालले. अशा वेळी दलाच्या गाडीत कोणती अवजारे आहेत, यावर अडकलेल्या माणसाचे भवितव्य ठरत असते.

अग्निशमन दल म्हटले की सामान्य नागरिकाच्या डोळ्यांसमोर लाल बंब उभा राहतो. प्रत्यक्षात दलाला येणारे सगळेच दूरध्वनी आगीचे नसतात. इमारत कोसळते, उद्‌वाहनात माणसे अडकतात, अपघातग्रस्त मोटारीत चालक चेमटतो, पावसाळ्यात झाड पडते, एखादा जीव विहिरीत किंवा नाल्यात सापडतो. या कामांसाठी पाण्याच्या टाकीचा उपयोग नसतो. तेथे लागते ती बचाव गाडी, म्हणजे दलाच्या भाषेतील रेस्क्यू व्हॅन. बंब बाजारात साचेबद्ध स्वरूपात मिळू शकतो. बचाव गाडी मात्र त्या त्या शहराच्या गरजेनुसार बांधून घ्यावी लागते, आणि येथेच खरी परीक्षा सुरू होते.

हत्यारांची चालती खोली

ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने १९१५ मध्ये भुयारी रेल्वेतील आगीच्या अनुभवानंतर बचावकार्यासाठी पहिली स्वतंत्र तुकडी उभारली. तिला मिळालेले वाहन होते एक फेरफार केलेली कॅडिलॅक मोटार. शतकभरात त्या मोटारीची जागा अवजड ट्रकने घेतली, पण तत्त्व तेच राहिले : प्रशिक्षित माणसे आणि त्यांची अवजारे एकाच वेळी घटनास्थळी पोहोचली पाहिजेत.

भारतात अशा वाहनासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ९४९ हे स्वतंत्र मानक आहे. बांधणीची पद्धत साधारणपणे अशी असते. ट्रक उत्पादकाकडून चासी घेतली जाते आणि अग्निशमन वाहने बांधणारा कारखाना तीवर सांगाडा, कप्पे व जवानांची केबिन उभी करतो. इंजिनाची शक्ती वळवून जनित्र चालविले जाते, कारण रात्रीच्या ढिगाऱ्यावर प्रकाश हीच पहिली गरज असते. छतावर उंच होणारा दिव्यांचा खांब, पुढे ओढकामासाठी विंच आणि दोन्ही अंगांना सरकत्या शटरचे कप्पे असतात. कप्प्यांत हायड्रॉलिक कटर व स्प्रेडर, जड स्लॅब उचलणाऱ्या हवेच्या पिशव्या, श्वसनयंत्रे, काँक्रीट कापणारी करवत, दोर, स्ट्रेचर आणि खचलेल्या भिंतीला टेकू देणारे लाकडी ठोकळे ठेवावे लागतात.

यादी वाचायला सोपी आहे. अडचण असते ती वजनाची आणि जागेची. प्रत्येक चासीची भारवहनाची मर्यादा ठरलेली असते. अवजारे वाढत गेली की गाडी त्या मर्यादेला टेकते. जड वस्तू वरच्या कप्प्यात गेल्या की वळणावर तोल बिघडण्याची भीती वाढते. सर्वांत जास्त लागणारे कटर सर्वांत आतल्या कप्प्यात असेल, तर पहिली मोलाची मिनिटे ते बाहेर काढण्यातच जातात. हातमोजे घातलेल्या जवानाला कप्प्याची कडी अंधारात उघडता आली पाहिजे, ही बाब कागदावर क्षुल्लक वाटते. घटनास्थळी ती क्षुल्लक राहत नाही.

चासीआधी गल्ली मोजावी

मुंबईचेच उदाहरण घेऊ. भेंडीबाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून ३३ जण दगावले. काळबादेवीच्या गोकुळ निवासात ९ मे २०१५ रोजी लागलेल्या आगीत इमारत ढासळली आणि दलाने आपले चार वरिष्ठ अधिकारी गमावले. हे दोन्ही परिसर अरुंद गल्ल्यांचे, उभ्या केलेल्या वाहनांचे आणि जुन्या चाळींचे आहेत. सर्व सामग्री सामावणारी भव्य गाडी अशा गल्लीच्या तोंडाशीच अडकली, तर तिच्या भव्यतेचा उपयोग काय? उलटपक्षी द्रुतगती मार्गावर उलटलेल्या टँकरसाठी छोटी गाडी अपुरी पडते. म्हणूनच एका मोठ्या वाहनासोबत आवश्यक तेवढीच अवजारे घेऊन पुढे जाणारी लहान गाडी, अशी जोडी हा अधिक व्यवहार्य मार्ग ठरतो.

लहान शहरांचा प्रश्न याहून गंभीर आहे. महाडमधील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० च्या सायंकाळी कोसळली. १६ जणांचा मृत्यू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुणे जिल्ह्यात. घाट उतरून महाडला येईपर्यंत रात्र झाली. तोपर्यंत ढिगाऱ्याशी झुंजले ते स्थानिक लोक. हे दल कितीही कुशल असले तरी अंतर कमी करणे त्याच्या हाती नाही. ती पोकळी जवळच्या नगरपालिकेच्या बचाव गाडीनेच भरून निघू शकते.

स्वस्तातले महाग

अग्निशमन सेवा हा राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टानुसार नागरी स्थानिक संस्थांचा विषय आहे. साहजिकच वाहनखरेदी निविदेच्या मार्गाने होते आणि तांत्रिक पात्रता पार केलेल्यांपैकी सर्वांत कमी दराचा पुरवठादार निवडला जातो. या पद्धतीत गैर काही नाही. मात्र तिचे यश निविदेतील तपशिलावर अवलंबून असते. ‘उत्तम प्रतीची अवजारे’ असे मोघम शब्द लिहिले, तर त्या शब्दांत बसणारी सर्वांत स्वस्त वस्तू मिळते. एखाद्या उत्पादकाचे पत्रक जसेच्या तसे उतरविले, तर स्पर्धाच संपते आणि संशयाला जागा होते. या दोहोंमधला मार्ग म्हणजे काम काय करायचे ते लिहिणे : किती जाडीचे पोलाद कापायचे, किती टन उचलायचे, दिवे किती तास चालले पाहिजेत, गाडी किती रुंदीच्या रस्त्यावर वळली पाहिजे. हे लिहू शकतो तो ढिगाऱ्यावर उभा राहिलेला अधिकारी व जवान. लेखा विभागाने ते तपासावे, लिहू नये.

गाडी पूर्ण होऊन दारात आल्यावर तपासणी करणे ही दुसरी चूक. सांगाडा उभा असताना, पत्रा चढण्यापूर्वी कारखान्यात एक फेरी झाली, तर कप्पा चार इंच सरकवता येतो. रंग दिल्यावर तो सरकत नाही. देखभाल आणि जवानांचे प्रशिक्षण यांचा खर्चही मूळ करारातच हवा. हायड्रॉलिक नळीचा सुटा भाग मिळत नाही म्हणून लाखोंचे कटर कोपऱ्यात पडून राहणे, हा महागडा प्रकार होय.

अर्थात, प्रत्येक गोष्ट मागणीनुसार बनविण्याचा हट्टही अंगलट येतो. अमेरिकेत प्रत्येक दलाची गाडी वेगळी, असा प्रघात आहे. तेथे अलीकडच्या वर्षांत मागणी नोंदविल्यापासून वाहन मिळेपर्यंत काही वर्षे लागू लागली, किमती भडकल्या आणि २०२५ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे त्यावर सुनावणी झाली. चासी आणि मूळ सांगाडा प्रमाणित ठेवून कप्पे व अवजारे तेवढी स्थानिक गरजेनुसार ठरवावीत, हा त्यातून घेण्यासारखा धडा.

निधी आणि घाई

केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी ५ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. महाराष्ट्रासारख्या राज्यांना तीत २५ टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो. त्याच वर्षी १ एप्रिलपासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी व महापालिका वाहनांची नोंदणी नूतनीकृत न करण्याचा नियम लागू झाला. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या विशेष वाहनांना सूट मिळाली. अग्निशमनाचा उल्लेख त्या सवलतीत नव्हता. परिणामी जुनी वाहने बदलण्याची निकड आणि पैसा दोन्ही एकाच सुमारास आले. अशा वेळी घाईघाईने जुन्याच निविदेची प्रत काढण्याचा मोह होतो. आज बांधलेली गाडी पुढील १५ वर्षे वापरावी लागणार आहे. निविदेत राहिलेली चूकही तितकीच वर्षे सोबत राहील.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, पुष्पचक्रे वाहिली जातात. त्या परंपरेचा आदर राखायचा तर नव्या गाडीच्या आराखड्यावर पहिली सही ती चालविणाऱ्या ठाण्याची असावी. नियमात एवढा एक बदल करण्यासाठी कोणत्याही निधीची वाट पाहावी लागत नाही.