यंत्राच्या माथी खापर

यंत्र आले आणि कारागिरी मेली, हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा उच्चारले गेले आहे की, ते खरे की खोटे हे तपासण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. हातमागाचे भक्त ते उसासा टाकून म्हणतात. नफ्याचे भक्त तेच वाक्य समाधानाने म्हणतात. निष्कर्ष दोघांचाही एकच : आता काय करणार! मला या दोघांशीही भांडायचे आहे, आणि त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे रायफलीचे. पैठणीचे घेतले असते तर नुसत्या गहिवराने वाद जिंकता आला असता. रायफलीपुढे गहिवर चालत नाही. ती नीट घडली नसेल तर तसे ती ऐन वेळी, स्वच्छ सांगते.

एकाचा भाग दुसऱ्याला बसावा अशा रीतीने वस्तू घडविण्याचे शास्त्र मोठ्या प्रमाणावर वाढले ते बंदुकांच्याच कारखान्यांत. अमेरिकेत हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल याने १८१९ साली सरकारशी करार करून रायफली घडवावयास घेतल्या. १८२६ साली सरकारी तपासनिसांनी त्यांतल्या शंभर रायफली सुट्या केल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले आणि हाती लागेल तो भाग घेऊन त्या पुन्हा जुळविल्या. त्या जुळल्या! एरवी प्रत्येक भाग त्या त्या बंदुकीपुरता कानशीने घासून बसवावा लागे, अशा काळातली ही गोष्ट आहे. हे यश जितके हॉलच्या यंत्रांचे, तितकेच त्याच्या गेजांचे. गेज म्हणजे मापाचा पोलादी साचा. भाग त्यात बसला तर पास, न बसला तर बाद. कारागिरी तेव्हा मेली नाही. माप ठरविणाऱ्या डोक्यात आणि ‘हा भाग बाद’ असे म्हणण्याच्या धैर्यात ती राहावयास गेली.

आता हे धैर्य सुटले म्हणजे काय होते ते पाहा. कनेक्टिकटमधील न्यू हेवनच्या विंचेस्टर कंपनीने १९३६ साली ‘मॉडेल ७०’ ही शिकारी रायफल काढली. जर्मन माउझरच्या १८९८ च्या रायफलीप्रमाणे हिच्याही बोल्टला एक लांब पोलादी पंजा होता. काडतूस वर येताच तो त्याची कड धरी आणि रिकामी पुंगळी बाहेर पडेपर्यंत सोडीत नसे. समोर अस्वल उभे असता या पंजाचे मोल काय, हे शिकाऱ्याला सांगावे लागत नाही.

१९६४ साली खर्च कमी करण्यासाठी कंपनीने ही रायफल बदलली. पंजा गेला, त्या जागी लहानशी आकडी आली. दस्त्यावर पकड यावी म्हणून कोरण्यात येणारी चौकटींची नक्षी आता ठशाने दाबून उठविण्यात येऊ लागली. कोरीव नक्षीचे दाणे हाताला रुतत, ठशाचे रुतेनात. गिऱ्हाईक खवळले. ‘चौसष्टपूर्वीची’ हा शब्द अमेरिकन बंदूकबाजारात कायमचा रुजला, आणि त्या शब्दाला आजही जादा किंमत मिळते.

इथे आमचे हळवे मित्र टाळ्या पिटतील. त्यांनी जरा थांबावे. चौसष्टपूर्वीची रायफलसुद्धा कारखान्यात, यंत्रांवरच होत होती! आणि नंतरचीही सर्वस्वी वाईट नव्हती. तिचा नेम चांगला लागे, काडतुसाच्या बुडाला वेढणारे तिच्या बोल्टचे तोंडही मजबूत होते. मग बिघडले कोठे? खर्च वाचविणे हा गुन्हा नव्हे. नक्षी परवडत नसेल तर दस्ता साधा ठेवावा. साधेपणाची लाज कोणाला वाटावी? पण कोरल्याचे सोंग आणणारा ठसा मारणे ही लबाडी आहे, आणि हजारात एकदा लागणारी गोष्ट नऊशे नव्व्याण्णव वेळा लागत नाही म्हणून काढून टाकणे हा दुसऱ्याच्या जिवावर केलेला हिशेब आहे.

पुढे कंपनीनेच पावले मागे घेतली. १९६८ साली बोल्ट अडखळू नये म्हणून सुधारणा झाली. काही वर्षांत कोरीव नक्षी परतली. १९९२ साली पंजाही परतला. तो परवडू लागला त्यात संगणकनियंत्रित यंत्रांचा वाटा मोठा होता. यंत्राने मारले म्हणून ज्याचे सुतक धरले होते, ते यंत्रानेच परत आणून दिले!

‘तरीही २००६ साली न्यू हेवनचा कारखाना बंद पडलाच ना?’ असे कोणी विचारील. पडला. चांगला माल काढणाराचे दिवाळे निघत नाही, असे मी म्हटलेले नाही. सचोटी म्हणजे नफ्याचा विमा नव्हे. ती ज्याच्या हाती वस्तू जाते त्याचे देणे आहे. ते देणे फिटले की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

म्हणून यंत्राला शिव्या देणे आता पुरे. यंत्राला सही करता येत नाही. गेज किती सैल ठेवावयाचे, कोणता भाग गाळावयाचा, कोणत्या जागी ठसा मारून भागवावयाचे, हे कोणीतरी माणूस कागदावर लिहितो आणि खाली सही करतो. आपण यंत्राला दोष देतो तेव्हा तो माणूस मागच्या दाराने निसटतो. हातातली वस्तू दगा देईल तेव्हा ‘आता काय करणार’ म्हणून कपाळाला हात लावू नका. सही कोणाची, ते विचारा.