काचेच्या पेटीतील एकत्र कुटुंब

आमच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या चिरंजीवांनी घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी मांडली असून, तीत ‘रॅस’ जातीचे रंगीत मासे सोडावयाचे त्याच्या मनात आहे. परंतु हे मासे आपसांत भांडतात असे ऐकल्यामुळे कोणते मासे एकत्र नांदतील, असा प्रश्न त्या करतात. संस्कृत शिकविण्यात ज्याचा जन्म गेला त्यास हा प्रश्न विचारावा, याचे कोणासही नवल वाटेल. पण आमच्या बैठकीच्या खोलीत दोन वर्षांपासून अशीच एक पेटी आहे. ती आमच्या नातवाची असली तरी तिच्यात घडलेली एक मोठी चूक आमची आहे. म्हणून उत्तर देण्याचा अधिकार नसला तरी कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.

प्रथम नावाविषयी. ‘रॅस’ हा शब्द इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉल प्रांतातील जुन्या भाषेतून इंग्रजीत आला, आणि तेथे त्याचा अर्थ ‘म्हातारी’ असा आहे. शास्त्रज्ञ या कुळास ‘लॅब्रिडी’ म्हणतात. लॅटिन भाषेत ‘लाब्रुम’ म्हणजे ओठ, आणि या माशांचे ओठ जाड असतात. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील नेपोलियन रॅस दोन मीटरपर्यंत वाढतो, तर कित्येक जाती बोटभर लांबीच्या पुढे जात नाहीत. तेव्हा ‘रॅस चालेल काय?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता रॅस, असे विचारले पाहिजे.

पहिला विचार वाढीचा करावा. दुकानात कोरिस गेमार्ड या जातीचे पिल्लू मिळते. तांबूस अंगावर पांढरे ठिपके असे त्याचे रूप असते की पाहणारा मोहून जातो. तेच पिल्लू पुढे फूटभराहून मोठे होते, दगड उलथून टाकते आणि गोगलगायी व खेकडे मटकावते. आमची पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. तीत अडीचशे लिटरांवर थोडे पाणी मावते. एवढ्या जागेत असा पाहुणा आणणे म्हणजे दोन खोल्यांच्या घरात हत्ती बांधणे होय.

दुसरा विचार स्वभावाचा, आणि येथेच आम्ही चुकलो. सूडोकायलिनस हेक्झाटीनिया या लांबलचक नावाचा एक चिमुकला मासा आहे. ‘हेक्झा’ हा ग्रीक शब्द आमच्या ‘षट्’चाच सख्खा भाऊ, माशाच्या अंगावर सहा रेघा असतात म्हणून हे नाव. ही व्युत्पत्ती लक्षात येताच आमचे चित्त त्या माशावर बसले. नातू म्हणाला, “आजोबा, हा घ्यायचाच तर सर्वांत शेवटी घ्यायचा असतो. आधी आला तर पेटी आपलीच समजतो.” आम्ही हसून म्हणालो, “अरे, बोटाएवढा मासा तो! कोणास काय करणार?” पैसे आम्ही देत होतो. नातू गप्प बसला.

महिन्याने नातवाने साठविलेल्या पैशांतून ‘फ्लॅशर’ जातीचा एक नर आणला. हा मासा स्वभावाने अतिशय गरीब. मादीपुढे किंवा प्रतिस्पर्ध्यापुढे तो आपले पंख क्षणभर उलगडतो, तेव्हा रंगांची वीज चमकल्यासारखी दिसते. आमच्या सहा रेघांच्या षड्रिपूने त्याला पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात कोंडले. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही स्नानास उठलो, तो मासा फरशीवर वाळून पडलेला दिसला. झाकणात नळीपुरती जी फट होती, तीतून त्याने जीव घेऊन उडी मारली होती. नातवाने त्याला कागदात गुंडाळून पारिजातकाखाली पुरले. आम्हांस तो एवढेच म्हणाला, “झाकण नीट लावायला हवं होतं.” दोष त्याने झाकणाला दिला. तो कोणाचा होता, हे आम्हा दोघांसही ठाऊक होते. पुढे त्या सहा रेघांच्या माशास पकडण्यासाठी पेटीतील सर्व दगड बाहेर काढावे लागले. दुकानदाराने तो परत घेतला हे त्याचे उपकार.

यावरून दोन नियम निघतात. गरीब स्वभावाचा मासा आधी आणावा, दांडगा सर्वांत शेवटी आणावा किंवा आणूच नये. आणि पेटीवर बारीक जाळी सर्व बाजूंनी घट्ट बसवावी. भ्यालेला रॅस उडी मारतो, आणि फट नेमकी शोधून काढतो.

तिसरा विचार सारखेपणाचा. माणसांत समानशीलांचे सख्य जमते. येथे उलट आहे. एकाच आकाराचे, एकाच रंगाचे आणि एकच अन्न टिपणारे मासे एकमेकांच्या वाईटावर असतात. म्हणून उद्योग निरनिराळे असलेले मासे निवडावेत. ‘फेअरी’ व ‘फ्लॅशर’ हे मधल्या पाण्यात तरंगते अन्न टिपतात आणि प्रवाळास उपद्रव देत नाहीत. पिवळाधमक हॅलिकोइरिस क्रायसस दगडावाळूतून किडे वेचीत हिंडतो. ज्याचा त्याचा प्रांत वेगळा राहिला म्हणजे कलहास कारण उरत नाही.

एकाच जातीचे अनेक हवे असल्यास एक नर व दोन-तीन माद्या घ्याव्यात. लहान पेटीत दोन नर कधीही नकोत. यातही एक चमत्कार आहे. या कुळातील बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो, आणि पुढे त्यातील काहींचे नर होतात. १९७२ साली रॉबर्टसन या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवर पाहिलेली गोष्ट प्रसिद्ध केली. सफाई करणाऱ्या रॅसांच्या कळपातील नर काढून घेतला की सर्वांत वरचढ मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते, आणि पुढे खरोखरच नर होते. ज्यास ‘म्हातारी’ म्हटले त्याचा शेवटी कर्ता पुरुष व्हावा, ही गंमत कॉर्नवॉलच्या कोळ्यांस ठाऊक होती की नाही कोण जाणे!

या सफाईवाल्या रॅसाविषयी मात्र सावध करणे अवश्य आहे. तो इतर माशांच्या अंगावरील किडे खातो, आणि मोठा बुद्धिमान आहे. आरशातील प्रतिबिंब पाहून स्वतःच्या अंगावरील डाग पुसण्याची खटपट तो करतो, असे जपानी संशोधकांनी २०१९ साली दाखविले. परंतु घरच्या पेटीतील चार माशांच्या अंगावर त्याचे पोट भरत नाही, आणि तो पुष्कळदा उपाशी मरतो. गुणी आहे म्हणून त्यास घरी आणू नये; गुणी आहे म्हणूनच समुद्रात राहू द्यावा.

चौथा विचार निजण्याचा. हॅलिकोइरिस रात्री वाळूत शिरून झोपतो. त्यासाठी तळाशी निदान दोन इंच बारीक वाळू हवी. आमचा पिवळा मासा आला त्या दिवशी वाळूत शिरला तो चार दिवस दिसला नाही. आम्ही उकरून पाहण्यास निघालो होतो, पण या खेपेस नातवाचे ऐकले. पाचव्या दिवशी स्वारी आपण होऊन बाहेर आली. नवा मासा काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करून घेतात. तेथेही याच्यासाठी वाटीभर वाळू ठेवावी. फेअरीची तऱ्हा वेगळी. तो रात्री आपल्याभोवती चिकट पातळ कोश विणून दगडाच्या आडोशास निजतो.

शेवटचा विचार अन्नाचा, आणि तो पेटीबाहेरचा आहे. हे मासे दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे खातात, आणि त्यांचे मुख्य अन्न म्हणजे गोठविलेले बारीक कोळंबीसारखे जीव. शाकाहारी घरात ते ठेवावयाचे कोठे? स्वयंपाकघरातील शीतकपाटात ठेवण्यास सौभाग्यवतींनी साफ नकार दिला, आणि सूनबाईंनी मुलाची बाजू घेतली. आठ दिवस घरात मौन होते. अखेर सौभाग्यवतींनीच मार्ग काढला. आपल्या भिशीच्या पैशांतून त्यांनी गच्चीलगतच्या खोलीसाठी एक लहानसे शीतकपाट घेतले, आणि “माझ्या स्वयंपाकघरात नको, पण पोराचे मासेही उपाशी नकोत,” असे म्हणाल्या. तेव्हा पत्रलेखिका भगिनींस आमची सूचना अशी की, मासे निवडण्यापूर्वी ही गोष्ट घरात सर्वांशी बोलून घ्यावी.

सांप्रत आमच्या पेटीत पाच जण आहेत: एक फ्लॅशर, एक फेअरी नर व त्याच्या दोन माद्या, आणि तो पिवळा. याच क्रमाने ते आले. प्रत्येक नव्या माशास प्रथम चार दिवस भोकांच्या पारदर्शक डब्यात ठेवून मगच मोकळे सोडले, म्हणजे जुन्यांस तो दिसत होता पण चावता येत नव्हता. रात्री दिवे मालवण्यापूर्वी नातू वाकून पाहतो, आणि आतून सौभाग्यवती विचारतात, “निजली का रे सगळी?” पिवळा वाळूत गेल्याचे पाहूनच तो होकार देतो.